देऊळ बंद आहे हे माझ्या भावाला कसं समजावू? (डाऊन सिंड्रोम, वय ३१)

कृष्णाकाठची | ७ जुलै २०२०

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. घरात सगळे त्याला दादूच म्हणतो. आम्ही वाईचे. आई ६४, बाबा ७१, दोघांनाही बीपी आणि बाबांना शुगर पण. मी लग्नानंतर पुण्यात असते पण गुढीपाडव्याला म्हणून दोन दिवस आधी आले आणि पाडव्यादिवशीच लॉकडाऊन लागला, तेव्हापासून इथूनच ऑफिसचं काम करतेय.

आमच्या गल्लीत विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. दादू गेली अठरा वर्षं रोज संध्याकाळी सातच्या आरतीला जातो. रोज म्हणजे रोज, ताप असला तरी. पावणेसातला तोंड धुणार, पांढरी टोपी घालणार, खुंटीवरचे टाळ घेणार आणि निघणार. आरतीला टाळ वाजवायचे, लोटांगणाच्या वेळी सगळ्यांबरोबर स्वतःभोवती फिरायचं (तो दोनदा फिरतो) आणि मग प्रसादाचं ताट त्याच्याकडे. फुटाणे आणि खडीसाखर, प्रत्येकाच्या हातावर एक चिमूट. कोणाला मिळालं नाही ते त्याला बरोबर कळतं, बाहेर पायरीवर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना पण नेऊन देतो. दिवसा तो कार्यशाळेत पाकिटं चिकटवायला जायचा, ती पण मार्चपासून बंद आहे, पण त्याचं त्याला एवढं नाही. देवळाचं आहे.

पहिले काही दिवस तो टोपी घालून जायचा, जाळीच्या दाराला कुलूप बघायचा आणि रडत परत यायचा. मग कुलूप ओढायला लागला. आषाढीला १ तारखेला तर अडीच तास तिथेच पायरीवर बसून होता, उठेना. तेवढ्यात गस्तीची गाडी आली, त्यांनी मोठ्याने हटकलं, त्यांना काय माहीत, आणि दादू इतका घाबरला की कपड्यातच झाली. त्या दिवसापासून बाहेर पडत नाही. पण सात वाजले की कपाळावर तळहाताने मारून घेतो, वीस वीस मिनिटं. जेवण अर्ध्यावर आलंय. सारखं विचारतो, विठोबा जेवला का. आणि परवा रात्री मला म्हणाला, ताई, मी काय केलं? त्याला वाटतंय त्याला शिक्षा केलीय. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

फोनवर आरती लावून बघितली. त्याने बघितलं, फोन उलटा करून मागे बघितलं आणि म्हणाला, हा आपला नाही.

आणि एक बोलू का, मनात राहतंय म्हणून. या गल्लीत सगळे त्याला देवाचं लेकरू म्हणतात, सणाला डोक्यावरून हात फिरवतात, काही जणी तर त्याच्या पाया पडतात. चार महिन्यात एकाही माणसाने फोन करून विचारलं नाही दादू कसा आहे. देवळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काढ्याच्या रेसिप्या मात्र रोज येतात. माझा राग नाहीये कोणावर, पण वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालंय का? कसं समजावलंत? आणि देवळातल्या लोकांकडे मदत मागावी का, काय मागावी?

---

पाटीपेन्सिल | ७ जुलै २०२०, रात्री

ताई, आधी एक, तुम्ही खूप नीट लिहिलंय, तुमच्या भावाचं सगळं गणित तुमच्या पोस्टमध्येच आहे. मी नाशिकला विशेष शाळेत २२ वर्षं शिकवतेय, सध्या आमचे सगळे विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर आहेत आणि निम्म्या पालकांची हीच तक्रार आहे, कोणाचं देऊळ, कोणाचा दर्गा, कोणाची बाग.

दादूचं नुसतं देवदर्शन नाही गेलेलं. त्याची वेळ गेली, त्याचं काम गेलं आणि त्याला नावाने हाक मारणारी माणसं गेली, तीनही एकाच दिवशी. फोनवरच्या आरतीत यातलं एकही नाही म्हणून तो म्हणाला हा आपला नाही. अगदी बरोबर बोलला तो.

आता शिक्षेचं, ते सगळ्यात आधी घ्या. तोंडी सांगून पुरणार नाही, दाखवा. तुमच्या देवळाच्या कुलपाचा फोटो काढा, मग गावातल्या बाकीच्या देवळांच्या बंद दारांचे काढा, शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर सगळं मार्चच्या मध्यापासून बंद आहे त्यांचे फोटो बातम्यांमध्ये मिळतील, मशिदीचा चर्चचा पण दाखवा. सगळे एका कागदावर चिकटवा आणि रोज एकच वाक्य म्हणा, सगळीकडे कुलूप आहे, आजार आहे म्हणून, दादूमुळे नाही. शब्द बदलू नका. आणि कधी उघडणार याला "दोन दिवसांनी" असं सांगू नका हो, आपण सगळेच सांगतो, पण दोन दिवस तो मोजतो. "अजून नाही, उघडलं की गुरवकाका सांगतील" एवढंच.

संध्याकाळचा क्रम मोडू देऊ नका. तोंड धुणं, टोपी, टाळ, सगळं तसंच, आणि मग चार पावलं का होईना चालणं, अंगणात फेरी मारा. आरती देवघरासमोर नको, कारण ते बहुतेक आईचं आणि सकाळचं आहे त्याच्या डोक्यात. वेगळा पाट मांडा, वेगळी भिंत, आणि तिथे त्याच्याच देवळातल्या मूर्तीचा फोटो हवा, पंढरपूरचा कॅलेंडरवरचा चालणार नाही. टाळ सातच्या आधी हातात द्या म्हणजे कपाळाकडे जाणारा हात रिकामा नसेल. मारून घेताना हात धरून ठेवू नका, त्याने वाढतं.

प्रसाद वाटणं हा त्याचा अधिकार आहे, तो परत द्या. तो कार्यशाळेत पाकिटं चिकटवतो ना, मग फुटाण्याच्या पुड्या त्यालाच करू देत, आणि शेजारचे तयार असतील तर त्यांच्या ओट्यावर ठेवून दोन पावलं मागे यायचं, मास्क लावून. मास्कही हळूहळू शिकवा, पहिल्या दिवशी मनात दहा आकडे मोजेपर्यंत, मग आरतीचं एक कडवं, मग दोन.

आणि डॉक्टरांशी फोनवर बोला नक्की. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास पुष्कळ असतो, दात दुखत असेल, कान दुखत असेल तरी हे लोक कपाळाला मारून घेतात आणि आपण सगळं मनावर ढकलतो. टीएसएच (थायरॉईडची रक्ताची टेस्ट) शेवटचा कधी केला होता?

जाता जाता, अशा वेळी अंगारा धुपारा उतारा सुचवणारे फोन बरोबर येतात. श्रद्धा वेगळी आणि हे वेगळं. मारहाण करून भूत काढणं वगैरे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या फिट्सच्या गोळ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून बंद केल्या होत्या एप्रिलमध्ये, अजून सावरतोय तो.

---

नीरेकाठचा_वारकरी | ८ जुलै २०२०

माउली, दादूला सांगा विठोबा उपाशी नाही. पंढरपुरात १७ मार्चपासून दर्शन बंद आहे पण आत काकडा, पूजा, नैवेद्य, शेजारती, सगळे नित्योपचार रोज चालू आहेत. वीणा खाली ठेवलेली नाही एक दिवस. या आषाढीला मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेचा मान पण मंदिरात पहारा देणाऱ्या वीणेकरी माउलींनाच मिळाला कारण बाहेरचा वारकरी कोणी आत नव्हताच. आमच्या माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका यंदा एसटीने गेल्या ३० जूनला, आम्ही लोणंदला रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसते हात जोडले. घरातला माणूस गेल्यासारखं झालं.

तुमच्या देवळात पण गुरव रोज पूजा करतच असणार. मला वाटतं त्यांनाच सांगा, दादूला रोज कळवा म्हणावं काय नैवेद्य झाला. त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला खरं उत्तर द्यायचं.

---

सुकेळी | ८ जुलै २०२०

मी वसईची, आमची धार्मिक पद्धत वेगळी आहे पण तुमचं वाचून राहवलं नाही. माझी बहीण ४२ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असते, बोलणं थोडंच कळतं पण मराठी मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) तिला पूर्ण पाठ आहे, कुठे काय येणार सगळं माहीत. चर्च बंद झाल्यावर झावळ्यांचा रविवार, ईस्टर सगळं आम्ही मोबाईलवर बघितलं. बाकीचं ती ऐकायची पण "एकमेकांना शांती द्या" आलं की रडायला सुरुवात. आम्हाला महिनाभर कळलंच नाही का. चर्चमध्ये त्या वेळी आजूबाजूच्या बाकांवरच्या बायका वाकून तिच्या हाताला हात लावायच्या, नाव घ्यायच्या. आठवड्यात तेवढाच वेळ तिला घराबाहेरचा कोणीतरी स्पर्श करायचा.

मग मी आमच्या समूहाच्या ताईंना सांगितलं (आमच्याकडे पॅरिशमध्ये घरांचे छोटे छोटे समूह असतात), स्पष्ट सांगितलं, फुकटचं धान्य नको, प्रार्थना तर तुम्ही करताच, मला रविवारी पाच मिनिटं हवीत. आता दर रविवारी मिस्सा संपली की तीन घरची माणसं आमच्या कुंपणापाशी येतात, लांबूनच हात जोडतात आणि तिचं नाव घेऊन शांती म्हणतात. ती हात वर करते. एवढंच असतं. फादर पण महिन्यातून दोनदा फोन करतात आणि आईशी नाही, तिच्याशी बोलतात.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर हो, मागा, पण नेमकं मागा. "मदत करा" म्हटलं की लोक पिशवी घेऊन येतात. अमुक दिवशी अमुक वाजता अमुक करा म्हटलं की येतात ते. आमच्याकडे फेथ अँड लाइट म्हणून चळवळ आहे, तिची सुरुवातच अशी झाली, फ्रान्समध्ये एका जोडप्याला दोन अपंग मुलं होती, लूर्दच्या यात्रेत त्यांना नीट सामावून घेईनात, मग १९७१ च्या ईस्टरला अशा कुटुंबांचीच मोठी यात्रा काढली, १२ हजार माणसं होती. कोणीतरी आधी आम्हाला पण यायचंय म्हणालं म्हणून झालं ते.

---

निवृत्त_मास्तर | ८ जुलै २०२०

पोरी, तुझी तळमळ कळते. माझी मुलगी ४४ वर्षांची आहे, ऑटिझम, मी ७४, हिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच.

मला देवाधर्माचं वावडं नाही पण सगळं देवळावर सोडू नका असं माझं मत आहे. सरकारने २६ मार्चला अपंगांसाठी लॉकडाऊनच्या सविस्तर सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट आहे की काळजी घेणाऱ्याला पास द्या, सोसायट्यांनी अशा घरी येणाऱ्या माणसाला अडवू नये, माहिती समजेल अशा रूपात द्या. मी त्याची प्रिंट काढून खिशात ठेवतो आणि मला दोनदा उपयोग झालाय. दादूचं केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात नाव आहे का? वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, ओपीडी धरून. आणि १८ वर्षांवरच्या मुलाचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचा असतो, आईबापांना वाटतं आपण आहोतच की पालक, पण कायद्याने तो सज्ञान आहे. तुझ्या बाबांचं वय ७१ आहे, आज करून ठेव.

आता मला रात्री झोप का लागत नाही ते सांगतो. मी पॉझिटिव्ह आलो आणि मला उचलून नेलं तर हिच्याजवळ कोण? हिला सेंटरला एकटीला नेलं तर ती पाणी कसं मागते हे कोणाला माहीत? मी एक कागद तयार केलाय, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. गोळ्या, वेळा, ती कान झाकते म्हणजे काय, बाथरूमला जायचं असेल तर काय करते, कशाने शांत होते, कोणाला फोन करायचा. तू पण कर.

आणि त्या कागदाच्या शेवटी दोन नावं आहेत जी आमच्या इथल्या गणपती मंडळाने दिली. मी मंडळाच्या पोरांकडे गेलो होतो, म्हटलं वर्गणी यंदा पण देतो, पण तुमच्यातली दोन माणसं मला द्या जी वेळ आली तर माझ्या घरी येऊन राहतील. दोघं तयार झाले, एक नवरा-बायकोच आहेत. आता ते आठवड्यातून एकदा खिडकीशी येऊन हिच्याशी बोलून जातात म्हणजे ओळख राहील. शिर्डी संस्थानने मुख्यमंत्री निधीला ५१ कोटी दिले, चांगलंच केलं. पण आमच्यासारख्यांना पैशापेक्षा हे लागतं, ओळखीचा माणूस, आणि तो गल्लीतूनच मिळतो.

---

खाडीपलीकडची | ९ जुलै २०२०

अस्सलाम ताई, रत्नागिरीहून. माझा मुलगा १४ चा, ऑटिस्टिक. आमच्यात अशा मुलावर नमाज-रोजा फर्ज नाही, त्याला माफ आहे सगळं, पण त्याला तरी जायचंच असतं. नमाजपेक्षा त्याचं खरं काम मशिदीच्या दारात, सगळ्यांच्या चपला जोडीने सरळ ओळीत लावायच्या. रमजानमध्ये तर तरावीहला (रात्रीच्या खास नमाजला) शंभरभर जोड्या. यंदा रमजान पूर्ण घरात गेला. अजान मात्र बंद नव्हती, मुअज्जिन एकटे आत जाऊन देत होते, आणि अजान झाली की हा दाराकडे पळायचा.

आम्ही काय केलं, याचे अब्बा घरातच नमाजला उभे राहायला लागले, चार माणसांची जमात (एकत्र नमाज), आणि घरातल्या सगळ्यांनी चपला बाहेर काढून परत वाकड्यातिकड्या फेकायच्या. तो लावणार, मग नमाज. सासूबाई ७० च्या, त्यांनी पण चपला फेकल्या. ईदपर्यंत बरा झाला होता. पाटीपेन्सिल ताई म्हणतात ते शंभर टक्के, काम परत द्या. मूल शांत का नाही म्हणून मी उगाच पंधरा दिवस त्याला रागावले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

थंड_देशातला | ९ जुलै २०२०

इंग्लंडमधून लिहितोय, मुलगी १७ ची आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझम. इथे लॉकडाऊनमध्ये दिवसातून एकदाच बाहेर पडायची परवानगी होती, काही कुटुंबं कोर्टात जायच्या तयारीला लागली तेव्हा एप्रिलमध्ये सरकारने बदललं, ऑटिझम किंवा लर्निंग डिसॅबिलिटी असेल तर गरजेप्रमाणे जास्त वेळा बाहेर जाता येतं. मास्क ज्यांना लावताच येत नाही त्यांना सूट आहे, बरेच जण गळ्यात हिरवा सूर्यफुलाचा पट्टा घालतात, तो २०१६ ला गॅटविक विमानतळावर सुरू झाला होता, कर्मचारी बघून समजतात. तुमच्याकडे असं काही करता आलं तर बघा, म्हणजे दादूच्या शर्टावर मोठ्या अक्षरात छोटं कार्ड, "मला सांगितलेलं समजायला वेळ लागतो, कृपया हळू बोला" आणि तुमचा नंबर. पोलिसांचा प्रसंग वाचून पोटात खड्डा पडला.

प्रार्थनास्थळं इथे आता उघडलीत पण सगळ्यांनी मिळून गायला मनाई. मुलीला मंदिरात नेलं तर ती गाणारच. म्हणून अजून नेलं नाही.

---

कृष्णाकाठची | १० जुलै २०२०

सगळ्यांचं वाचलं, आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती मधेच उठून आत गेली. टीएसएच दीड वर्ष झालं नव्हता केला, उद्या घरी येऊन रक्त नेतायत. गुरवकाकांकडे आज जाणार आहे. नेमकं मागायचं, हे लक्षात ठेवलंय.

---

कृष्णाकाठची | १८ नोव्हेंबर २०२०

चार महिन्यांनी येतेय, माफ करा. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

टीएसएच खूप वाढलेला निघाला, गोळीचा डोस बदलला. म्हणजे सगळं मनाचं नव्हतंच. पाटीपेन्सिल ताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही अजून तसेच बसलो असतो.

गुरवकाका ६८ चे आहेत, साधा फोन आहे. मी त्यांच्याकडे एवढंच मागितलं की सातला पूजा करताना मला फोन लावा आणि फोन घंटेजवळ ठेवा. ते लगेच हो म्हणाले, उलट म्हणाले मला पण एकट्याने आरती म्हणायला कसंतरी होतं. आम्ही माडीवर पाट मांडला, दादूच्या विठोबाचा फोटो, टोपी, टाळ, सगळं. पहिले आठ-नऊ दिवस काही नाही. तो टाळ मांडीवर ठेवून बसायचा, वाजवायचा नाही. आम्ही म्हणायचो वाजव, वाजव, तर अजून घट्ट बसायचा. मग एके दिवशी घंटा वाजायच्या आधी काकाच फोनवर ओरडले, दादू, टाळ कुठायत? आणि दादू उठून उभा राहिला. हे वाक्य काका त्याला अठरा वर्षं रोज दारात म्हणायचे, आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं कारण आम्ही कधी त्या वेळी तिथे नसायचो. त्या दिवसापासून रोज वाजवले. आरतीनंतर काका सांगायचे आज विठोबाने वरण-भात खाल्ला, आज शिरा, आज मटकीची उसळ, आणि दादू आईला म्हणायचा मला पण तेच. जेवण रुळावर आलं ते असं. कपाळाला मारून घेणं ऑगस्टच्या शेवटी बंद झालं.

भजनी मंडळातल्या दोघी आता आठवड्यातून दोनदा फोन करतात. मी त्यांना सरळ विचारलं होतं इतके दिवस का नाही केला. त्या म्हणाल्या, अगं त्याच्याशी फोनवर काय बोलायचं तेच कळत नाही, चुकीचं काही बोललो तर. मी जूनमध्ये मनात किती काय काय धरून बसले होते. मग एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले, काय जेवलास, टाळ वाजवलेस का, पुड्या किती झाल्या. पुड्या चालू आहेत, रोज अकरा, सगळी घरं ओट्यावरून उचलतात.

आता जे सांगायला आले ते. सप्टेंबरमध्ये आमचे वीणेकरी आबा गेले, कोरोनाने, साताऱ्याला ॲडमिट होते, शेवटी कोणाला बघायला पण मिळालं नाही. आबांच्या शेजारी दादूची जागा, अठरा वर्षं. आईने त्याला जवळ घेऊन सांगितलं, आबा देवाघरी गेले. तो खूश झाला. खरंच खूश झाला, टाळी वाजवली. आम्हाला वाटलं त्याला कळलंच नाही, बरंय एका अर्थी, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

परवा पाडव्याला, १६ तारखेला, देवळं उघडली. आठ महिन्यांनी. दादू पहाटे पाचला अंघोळ करून तयार. काकांनी दार उघडलं, तो आत गेला, विठोबाकडे बघितलंच नाही, सरळ आबांच्या जागेकडे. मग खांबामागे. मग गाभाऱ्याच्या बाजूच्या खोलीत. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ताई, आबा? आई म्हणाली ना, इथे आले?

देवाघरी म्हणजे देवळात. त्याच्यासाठी देवाचं घर हेच आहे. दोन महिने तो समजत होता की आबा आत आहेत, विठोबाजवळ, आणि दार उघडलं की भेटणार.

मी काहीच बोलू शकले नाही. गुरवकाकांनी त्याला खाली बसवलं, भिंतीला टेकवलेली वीणा आणली, त्याचा हात तारांवर ठेवला आणि म्हणाले, दादू, आबा मेले. आजार झाला आणि मेले. आता इथे येणार नाहीत. वीणा इथे राहिली. काका स्वतः रडत होते पण आवाज सरळ होता. दादू बराच वेळ बसला. मग त्याने स्वतःचे टाळ आबांच्या जागेवर ठेवले आणि त्या दिवशीच्या आरतीला वाजवले नाहीत.

प्रसाद वाटायला अजून परवानगी नाही, त्यामुळे ताट नाही. मी काकांना आधीच विचारून ठेवलं होतं, सॅनिटायझरची बाटली दादूला द्या म्हणून. तो आता मास्क लावून दारात उभा राहतो आणि प्रत्येकाच्या हातावर देतो, अगदी तीर्थ देतात तसं, आणि प्रत्येकाला म्हणतो, प्यायचं नाही. कारण पहिल्याच दिवशी एका आजींनी सवयीने हात तोंडाकडे नेला आणि त्यानेच त्यांचा हात धरला.

मला विचारायचंय ते असं, काल आणि आज परत त्याने खांबामागे बघितलं. रोज बघेल का? रोज तेच सांगायचं का?

---

पाटीपेन्सिल | १८ नोव्हेंबर २०२०

हो, रोज तेच, त्याच शब्दांत, जे काकांनी वापरले. तुमच्या काकांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. आबांच्या जागेवर टाळ ठेवायचे असतील तर ठेवू देत, परत उचलायला लावू नका, तो उचलेल तेव्हा उचलेल. आबांचा एखादा फोटो असेल तर खांबावर लावता येईल का बघा, म्हणजे तो खांबामागे गेला की तिथे काहीतरी असेल.

---

थंड_देशातला | १९ नोव्हेंबर २०२०

आनंद आणि दुःख दोन्ही एकदम झालं वाचून. एक सावध करतो फक्त. ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासात आलंय की डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांना कोरोनाने मृत्यूचा धोका बाकीच्यांपेक्षा दहा पटीच्या आसपास आहे, आणि इथे या महिन्यात त्यांना अति-धोक्याच्या यादीत घातलंय. दारात उभं राहणं म्हणजे गावातला प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून जातो. काम काढून घेऊ नका, पण बाटली टेबलावर ठेवून तो मागे उभा राहील असं काही करता येईल का, आणि कार्तिकीची गर्दी होईल तेव्हा त्याला वेगळी वेळ.

---

कृष्णाकाठची | १९ नोव्हेंबर २०२०

हे माहीत नव्हतं. आत्ताच काकांशी बोलले. उद्यापासून पायाने दाबायचा स्टँड आणतोय, दादू पलीकडून पाय दाबणार. एकादशीला तो पहाटे पाचला काकांबरोबर एकटाच काकड्याला जाणार, गर्दी व्हायच्या आधी. आबांचा फोटो त्यांच्या सुनेकडून मागितलाय, लग्नातला आहे एक, त्यात वीणा नाहीये पण टोपी आहे.